आधी मी, मग अक्का

धुळ्यात मला पहिली नोकरी लागली तेव्हा खोली बघायला ज्या घरी गेले, त्या घरमालकांनी माझं नाव-गाव विचारायच्या आधी माझी ट्रंक उचलून पाहिली. एका हाताने. खाली ठेवली आणि म्हणाले, "तेवीस किलो. पुस्तकं जास्त, कपडे कमी. चालेल." मग एकच अट घातली. खोलीत तळण करायचं नाही. भजी नाहीत, पुऱ्या नाहीत, पापडसुद्धा भाजून खायचा. "रेडिओ लावा, मैत्रिणी आणा, आमचं काही म्हणणं नाही. पण तेलाचा वास भिंतीपलीकडे यायला नको." भिंतीपलीकडे त्यांची बायको होती, आणि तिला भज्यांचा वास आला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, हे मला नंतर कळलं.

मी पहूरची, बौद्ध घरातली. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलेली. या घरी येण्याआधी मी तीन घरं पाहिली होती. तिन्हीकडे आडनाव ऐकल्यावर खोली नेमकी कालच दुसऱ्याला कबूल केल्याचं मालकांना आठवलं होतं. या माणसाने आडनाव विचारलंच नाही. भाडेपावतीवरसुद्धा "विज्ञानवाल्या बाई" एवढंच लिहायचा. तेव्हा त्यांच्याबद्दल लिहिताना माझं माप थोडं त्यांच्या बाजूला झुकणार, हे आधीच सांगून टाकते.

सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची. कापसाच्या जिनमध्ये त्यांनी तीस वर्षं काट्यावर काढली होती. शेतकऱ्याची गाडी आली की कापूस तोलायचा, पोत्याचं वजन वजा करायचं, आकडा मोठ्याने सांगायचा. या वजाबाकीला ते लोक धडा करणं म्हणतात. निवृत्त झाले तरी आबांचा धडा सुटला नव्हता. स्वतःचं वजन सांगताना "धोतर-सदरा सातशे ग्रॅम, जानव्याचं वजन सोडून दिलं" असं सांगायचे. हातात भाकरी घेतली की आधी तळहातावर जरा झुलवायची, "एकशे दहा," असं म्हणायचं आणि मगच मोडायची. भाजीवाल्या बाया त्यांना लांबून पाहून वांगी नीट तोलायला लागत. एकदा ते शाळेच्या फाटकाशी उभे राहून मुलींची दप्तरं उचलून बघत होते. हेडबाईंनी मला बोलावून विचारलं, हे गृहस्थ कोण? मी म्हटलं, माझे घरमालक. आबांनी मला दुसऱ्या दिवशी यादी दिली. पाचवीच्या बावीस मुलींची दप्तरं, नावानिशी, आणि खाली शेरा: "पोरी वाकतील."

अंगाने ते काडी होते. मी आले तेव्हा अठ्ठावन्न किलो. आणि अक्का ब्याण्णव.

अक्का मोठ्या हसऱ्या बाई. पिंपळनेरकडच्या. घरात दोघं अहिराणीत बोलत, माझ्याशी बोलताना आबा शहरी मराठी काढत आणि अक्का दोन्हीची खिचडी करत. त्यांच्या बेंबीजवळ हर्निया होता. आधी लिंबाएवढा होता, मी आले तेव्हा लुगड्याच्या निऱ्यांखाली नारळाएवढा दिसायचा. सर्जनने सांगितलं होतं, पंधरा किलो वजन उतरवा, मग ऑपरेशन करू. एवढ्या चरबीवर टाका धरणार नाही. आणि फार वेळही लावू नका, आतडं त्यात अडकलं तर जिवावर बेतेल. म्हणजे घाई करा आणि थांबाही, असं दोन्ही एकाच चिठ्ठीवर. आबांनी ती चिठ्ठी देवाच्या फोटोमागे खोचून ठेवली आणि पंधरा किलोंच्या मागे लागले.

पहिला उपाय शेजारणीचा होता. नऊ दिवस नुसतं ताक. अक्कांनी तो इमानेइतबारे केला आणि सातव्या दिवशी सकाळी नळावर कळशीसकट आडव्या झाल्या. कपाळाला खोक पडली. आबा तेव्हा अजून नोकरीत होते, जिनमध्ये गेलेले. घरी आले, बायकोच्या डोक्याला पट्टी पाहिली, आणि त्यांनी एक नियम केला तो अखेरपर्यंत मोडला नाही. कुठलाही आहार असो, आधी तो दहा दिवस आबांनी करायचा. अंगाला मानवला, वजन उतरलं, चक्कर आली नाही, तरच तो अक्कांच्या ताटात जायचा. "आधी मी, मग ती," ते म्हणायचे. "सरकीसुद्धा आधी एक घाणा काढून बघतात."

गल्लीला यात फार करमणूक होती. जाडी बायको आणि उपास करतो काटकुळा नवरा. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला," असं कट्ट्यावरचे लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे. आबा हसायचे नाहीत आणि चिडायचेही नाहीत. "पखालीला काही झालं तर दुसरी शिवता येते," एवढंच म्हणायचे.

माझ्या वाट्याला या उद्योगात ग्रंथालयाचं काम आलं. ते दिवस असे होते की प्रत्येक साप्ताहिकात, रविवारच्या प्रत्येक पुरवणीत वजन उतरवायचा एक तरी हमखास उपाय असायचा. शाळेच्या वाचनालयात जुने अंक पडलेले असत. मी ते आणून द्यायची, इंग्रजी असेल तर मराठीत करून सांगायची. आबा एका लांबट वहीत प्रत्येक आहाराला दोन पानं द्यायचे. डावीकडे "बरं काय", उजवीकडे "वाईट काय", खाली रोजचं वजन. वजन जिनच्या काट्यावर. काट्यावर आता त्यांच्याच हाताखाली शिकलेला माणूस होता, तो नाही म्हणत नसे.

ती वही मी इतक्यांदा वाचली की अजून पाठ आहे. लिंबू-मधाचं पाणी. बरं काय: सकाळी हलकं वाटतं, पोट साफ. वाईट काय: अकरा वाजता माणसाला कुणाचाही राग येतो. मग केळी आणि दूध, दिवसाला आठ केळी. आबांचा एक मित्र फैजपूरला होता, त्याने घडच्या घड पाठवले. बरं काय: चूल पेटवावी लागत नाही. वाईट काय: चौथ्या दिवसापासून केळं पाहिलं की मन उदास होतं, आणि उदास माणूस चोरून खातो. कोबीच्या पाण्याचा सात दिवसांचा आहार होता. त्यात पहिल्या चार दिवसांत दोन किलो उतरले तेव्हा आबांनी स्वतःच लिहिलं होतं: "हे पाणी गेलं असावं. ओला कापूस उन्हात टाकला की वजन जातं, पण रुई तेवढीच राहते. घाईने उतरलेल्या वजनावर विश्वास नको." आजकालचे आहारतज्ज्ञ याहून वेगळं काही सांगत नाहीत.

एक विलायती आहार होता, धान्य अजिबात नाही, फक्त अंडी आणि मटण. आबा माळकरी नव्हते, पण अक्कांच्या चुलीवर अंडं चढत नसे. तेव्हा दहा दिवस मागच्या अंगणात तीन विटांवर आबांची वेगळी चूल होती. पन्नाशी उलटलेला माणूस उकिडवा बसून अंडी उकडतोय आणि सोलताना हातावर झुलवून "पन्नास" म्हणतोय, हे दृश्य मी खिडकीतून रोज पाहायची आणि हसायची. त्याच्या उजव्या पानावर लिहिलं होतं: "तोंडाला वास येतो. बद्धकोष्ठ. भाकरीची आठवण येते आणि ती आठवण भुकेपेक्षा वाईट." शेवटी एक ओळ: "जो आहार पहिल्या सणाला मोडतो, तो मोडलेलाच धरावा."

आणि प्रत्येक आहाराखाली आबांचं वजन उतरलेलं असायचं. कधी किलोभर, कधी दीड किलो.

अक्कांचं उतरायचं नाही असं नाही. पहिल्या वर्षात त्यांचे चार किलो गेले आणि तीन परत आले. आबा धीर देत, "तुन्हं बी उतरी. मन्हं उतरनं ना? मंग तुन्हं काबर नई उतरी?" अक्का मान हलवायच्या, पुढच्या आहाराला बसायच्या. त्या नारळावर हात ठेवून उठायची त्यांना सवय झाली होती. कधीकधी तो दुखायचा, तेव्हा त्या भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसायच्या. तेवढा वेळ आबा अंगणात फेऱ्या घालायचे. आतडं अडकलं की काय, ही भीती त्या घरात सतत होती. ती कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण दोघंही तिच्यासाठीच उपाशी राहत होते.

दर पानाच्या तळाला आबा माझी सही घ्यायचे. "पाहिले" असं लिहायचं आणि सही करायची. जिनमध्ये काटेवाल्याच्या आकड्याखाली दुसऱ्या माणसाची सही लागते. मी विज्ञानाची बाई, मला ते भूषणच वाटायचं.

आता कानबाईचं सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते. आमच्या वस्तीत ती नव्हती, त्यामुळे मला सगळंच नवीन. घरातल्या माणसागणिक गहू मापून घेतात, त्याचे पुरणाचे रोट करतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच संपवायचे असतात. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पुनवेच्या आत सरले पाहिजेत. त्या वर्षी आबांच्या घरी मान होता. गावाकडून आबांचे चुलतभाऊ आणि पुतणे आले, त्यांच्या नावाचे गहू मापले, रोट झाले. पण पुतणे सुरतेला कामाला लागलेले. सोमवारी विसर्जन होताच बस धरून गेले. म्हातारे भाऊही निघाले. उरले दोघं, आणि टोपलीभर रोट.

मी अक्कांना म्हटलं, मी मदत करते. अक्का हसून म्हणाल्या, "नई वं बाई, तुमले नई चालत. हाई बठ्ठं आमलेच सरावनं पडी." पण अक्कांना तर पुरण वर्ज्य. मग आबांनी फर्मान काढलं: अक्कांनी एकेक घास प्रसाद म्हणून घ्यायचा, तिच्या वाट्याचं बाकी सगळं आबा खाणार. आणि त्यांनी खाल्लं. पाच दिवस, दोन्ही वेळा, स्वतःचे आणि बायकोचे रोट, गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीशी, खिरीशी, नुसतेही. खाताना पोटात कळ यायची, पाठ दुखायची, तेव्हा उठून दोन फेऱ्या मारायचे आणि परत बसायचे. पुनवेच्या आदल्या दिवशी शेवटचा तुकडा तोंडात टाकून ते तडक जिनवर गेले. वजन वाढलं असेल तर नवा आहार किती कडक लावायचा, हे ठरवायचं होतं.

परत आले ते थेट माझ्या दाराशी. वही उघडी. "बाई, हे बघा. दीड किलो उतरलं."

"वाढलं म्हणा."

"उतरलं. तीनदा तोललं."

मला हसू आलं आणि मी म्हणून बसले, "मग काटा बिघडला असेल."

काटेवाल्याला असं म्हणायचं नसतं. आबा वही मिटून गेले, जिनमधली पन्नास किलोंची शिक्क्याची वजनं काट्यावर ठेवून तो तपासला आणि तासाभराने परत आले. काटा ग्रॅमभरही इकडेतिकडे नव्हता. त्यांचा चेहरा एवढा दुखावलेला होता की मला लाज वाटली. त्यांची समजूत काढायची म्हणून मी म्हटलं, "तुमची पचनशक्तीच जबरदस्त असेल, आबा." आणि पानाखाली "पाहिले" लिहून सही केली.

हे लिहिताना अजून मला स्वतःचा संताप येतो. सातवीच्या मुलींना मी फळ्यावर प्रयोगाचे नियम लिहून देत होते. केळी खाऊन उतरतं, केळी सोडून उतरतं, अंड्यांनी उतरतं, कोबीने उतरतं, आणि पाच दिवस पुरण खाऊनही उतरतं, तर उतरवणारं काही वेगळंच आहे, हे सातवीतल्या मुलीने सांगितलं असतं. मला ते दिसलं नाही. आबांनाही नाही. आम्ही दोघं अक्कांच्या वजनाकडे बघत होतो.

आबांनी मात्र त्यातून शोध लावला. दोष गव्हाचा नाही, गुळाचा नाही, डाळीचा नाही. दोष तेलाचा. पोटभर खा, पण तेलाचा थेंब नको. हा त्यांचा स्वतःचा आहार, कुठल्या अंकातला नव्हे. दहा दिवस स्वतः केला, दोन किलो उतरले. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. साधासोपा मार्ग सापडला होता आणि बायकोला उपाशी राहायची गरज उरली नव्हती. मग दहा दिवस अक्कांना. पोटभर पोळी, उकडलेली डाळ, भाजी. अकराव्या दिवशी अक्का काट्यावर उभ्या राहिल्या आणि वजन सव्वा किलो वाढलेलं निघालं.

त्या दुपारचं बोलणं मी भिंतीपलीकडून ऐकलं.

"मी दहा दिन हाईच खादं, तूबी हाईच खादं. मन्हं उतरनं, तुन्हं चढनं. मंग मधला माल कथा गया?"

"माले काय माहीत? मी काहीच वरतून खादं नई."

"काटा खोटं बोलत नई."

"कानबाई मायनी आन, एक दानाबी खादा नई मी."

"तू चोरीसन खास," आबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. जिनमध्ये पोत्यात दगड सापडला की शेतकऱ्याला सांगायचे, त्याच आवाजात सांगितलं.

त्यानंतर त्यांनी गूळ, शेंगदाणे, शेव, बिबड्यांचे पापड, सगळं एका कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे आणून दिली. मी ती घेतली. का घेतली म्हणून स्वतःला विचारलं तर उत्तर एवढंच की वहीत आकडे होते आणि आकड्यांखाली माझ्या सह्या होत्या. दोन दिवसांनी अक्का माझ्या उंबऱ्यावर आल्या. "बाई, तुमलेबी तसंच वाटस का?" मी नाही म्हणायला हवं होतं. मी समोरची मुलींची वही तपासायला घेतली. अक्का आल्या तशा गेल्या. पुढे दीड-दोन महिने त्यांचं हसणं मी ऐकलं नाही. आबाही त्यांच्या हातचं गपगुमान जेवायचे, आणि त्या दोघांच्या ताटांमध्ये पहिल्यांदाच काही बोलणं नसायचं.

ते सगळं ज्याच्यामुळे उघड झालं तो माणूस ना डॉक्टर होता ना विज्ञानवाला. समोरच्या दुकानातले शिंपी, गल्ली त्यांना चाचा म्हणायची. आबांचे सदरे ते वरचेवर आत घेऊन द्यायचे. थंडी पडायला लागली होती. एका रविवारी ते आबांचा सदरा हातात घेऊन माझ्याकडे आले.

"बाई, तुम पढी-लिखी हो, इसलिए पूछता हूँ," चाचा म्हणाले. "आदमी दुबला होता है तो पेट उतरता है, कमर उतरती है. कंधा नहीं उतरता. तीस साल से नाप ले रहा हूँ. आबा का कंधा उतर गया है."

मी खिडकीतून पाहिलं. आबा अंगणात बसले होते. सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा अंगावर होता. मी त्यांना रोज पाहत होते आणि मला ते कधी दिसलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आबांना "अक्कांना दाखवायचंय" असं सांगून मी दोघांना सर्जनकडे नेलं. डॉक्टरांनी अक्कांना खुर्ची दाखवली, आबांकडे पाहिलं, उठून त्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही बसा. आबा, तुम्ही टेबलावर झोपा." डोळे पिवळे झाले होते. पोटात, पार आत, स्वादुपिंडाला गाठ होती. वजन कधीपासून उतरतंय असं डॉक्टरांनी विचारलं, तर आबांनी मोठ्या उत्साहाने पिशवीतून वही काढून दिली. डॉक्टर पानं उलटत गेले. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "पहिलं वर्ष उपासाचं असेल. पण या श्रावणापासून बघा. हे कुणालाच कसं दिसलं नाही?" पानांच्या तळाला माझी सही होती. त्यांनी ती वाचली की नाही मला माहीत नाही.

काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. सुरतेला दिलेली त्यांची मुलगी आली. आबा तेव्हा एक्केचाळीस किलो होते. हा आकडा त्यांनीच मला सांगितला, दवाखान्याच्या काट्यावर, धडा करून.

अक्कांच्या ऑपरेशनचं काय झालं, असं कुणी विचारतं, म्हणून तेही इथेच सांगते. आबा गेल्यावर अक्का जेवायच्या नाहीत असं नाही. ताटावर बसायच्या, दोन घास खायच्या, उठायच्या. वर्ष-सव्वा वर्षात त्यांचं वजन सतरा किलो उतरलं. जुने सर्जन बदलून गेले होते. नव्या डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी आणि नवं वजन पाहिलं आणि खूश होऊन विचारलं, "कोणता आहार घेतलात? इतर पेशंटना सांगता येईल." अक्का म्हणाल्या, "काहीच नई." ऑपरेशन छान झालं. टाका धरला. पुढे मुलीकडे सुरतेला त्या पुष्कळ वर्षं राहिल्या.

पण मला आठवतं ते दवाखान्यातलं शेवटच्या आठवड्यातलं.

आपल्याला काय झालंय हे आबांना कळलं होतं. मरणाचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवसापासून मात्र ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. अक्का चमच्याने पेज द्यायला गेल्या की ओठ मिटून घ्यायचे. मुलीने सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. एकदा अक्का पाणी आणायला गेल्या तेव्हा ते माझ्याकडे वळले. "बाई," ते म्हणाले, "मन्हं रोगानं उतरी राहिनं व्हतं. आहारानं नई. म्हणजे ती खरं बोलत होती." जरा थांबले. दम लागला होता. "तीस वर्षांत एका शेतकऱ्याला मी उगाच चोर म्हटलं नाही. म्हटलं ते हिला. आणि दोन वर्षं उपाशी ठेवलं ते हिलाच." मग रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, चूक माझीही आहे. ते त्यांनी ऐकलंच नाही.

अक्का दारात तांब्या घेऊन उभ्या होत्या. किती ऐकलं होतं कोण जाणे. त्या आत आल्या, तांब्या ठेवला, कॉटच्या कडेला बसल्या. बसताना सवयीने पोटावर हात ठेवला.

"एक सांगनं व्हतं," त्या म्हणाल्या. "रागावू नका. मी खायेल शे."

आबांनी डोळे उघडले.

"तुम्ही जिनमां गयात का मी खाऊ. रोजच खाऊ. गूळ, शेंगदाना, शिळी भाकर. तुम्ही पुसं, तवय माले लाज वाटनी, म्हनीसन आन खादी. तुम्हना काटा खराच व्हता."

मी अक्कांकडे बघत राहिले. आबा जिनवर जात त्या वेळी मी घरीच असायची. भिंत एकच होती. आबा परत येईपर्यंत अक्का कशा पडून असत, पोटातल्या भुकेने कुशी कशा बदलत, हे मला ऐकू यायचं. ज्या देवीची आण घेऊन ही बाई खरं बोलली होती, त्याच देवीची आण खोटी होती असं सांगून तिने माझ्यादेखत स्वतःला खोटं पाडलं, आणि तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

आबा तिच्याकडे पाहत होते. ओला कापूस नुसता हातात घेऊन ओळखणारा माणूस. त्यांना पटलं की नाही, मी आजही सांगू शकत नाही.

"रोज कितलं?" त्यांनी विचारलं.

"पावशेर तरी व्हई."

आबांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, बहुधा हिशेब चालला होता. मग चेहरा हळूहळू सैल पडला, आणि अक्कांनी चमचा पुढे केला तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. एक घास गिळला.

"बरं व्हयनं," ते म्हणाले. "मंग तू उपाशी नई राहिनी."

"नई राहिनी," अक्का म्हणाल्या.